अंदमानला निघालात? शोकेसचा तो खण रिकामाच राहू द्या!

रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं एखादं जुनं मराठी घर डोळ्यांसमोर आणा. बैठकीत काचेचं शोकेस. वरच्या खणात मुलांना शाळेत मिळालेले कप, मधल्या खणात बस्तरहून आणलेला ढोकरा घोडा आणि त्याच्या शेजारी पंढरपूरचे विठोबा-रखुमाई. खालच्या खणात मात्र घरची खरी मिरवायची वस्तू... एक मोठा शंख, मूठभर कवड्या आणि पांढऱ्या प्रवाळाची वीतभर फांदी.

'अगंबाई, हे कुठलं हो?' पाहुणी विचारते.

'अंदमानचं! यांच्या एलटीसीवर गेलो होतो ना, तेव्हा किनाऱ्यावरच पडलं होतं. एक पैसा लागला नाही.'

पैसा लागला नाही, हे खरं. पण म्हणून ते फुकट होतं का? ज्या किनाऱ्यावरून ते उचललं, त्या किनाऱ्यानं त्याची काही किंमत मोजली की नाही? आणि परत येताना बॅगेत काय आणलं, याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न : जाताना आपण तिथं काय घेऊन गेलो?

बेटांवर फिरायला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबानं तिकीट काढण्याआधी या दोन प्रश्नांचा विचार करायला हवा.

समुद्र नसलेल्या गावाची हौस

रायपूरकराला समुद्र दूर. जवळचा समुद्र म्हणजे विशाखापट्टणम, तोही रात्रभराच्या प्रवासावर. बेट म्हणाल, तर शिवनाथ नदीच्या दोन धारांमध्ये वसलेलं मडकू द्वीप. जुन्या मंदिरांचे अवशेष बघायचे, झाडाखाली डबे उघडायचे आणि संध्याकाळी घरी. त्यामुळे निळ्या पाण्यातलं खरंखुरं बेट पाहायची हौस इथं जरा जास्तच.

त्यातून घर मराठी असेल, तर अंदमानची ओढ वेगळीच असते. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यापासून छत्तीसगढात मराठी माणसं नांदत आली आहेत. बोलता बोलता हिंदी वाक्यं तोंडात येतात, पण 'काळं पाणी' हा शब्द उच्चारला की अंगावर काटा मराठीतच येतो. १९११ ते १९२१ अशी दहा वर्षं सावरकरांनी ज्या सेल्युलर जेलमध्ये काढली, ती कोठडी एकदा पाहायची, तिथं डोकं टेकवायचं, ही कित्येक आजी-आजोबांची इच्छा असते. केंद्र सरकारच्या नोकरदारांना अंदमानला विमानानं जाण्यासाठी एलटीसीत खास सवलतही मिळत आली आहे. मग मानाच्या विमानतळावरून कोलकाता, तिथून पुढे पोर्ट ब्लेअर. २०२४ साली या गावाचं नाव श्रीविजयपुरम झालं. त्याआधी २०१८ च्या अखेरीस हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं होतं.

समजा, तात्यापाऱ्यातलं असंच एक कुटुंब निघालं आहे. आई-बाबा, आजी, दादा आणि नऊ वर्षांची धाकटी. जेल पाहून झालं. दुसऱ्या दिवशी बोटीनं रॉस बेट. इंग्रजांच्या पडक्या बंगल्यांवर वडाच्या मुळ्या चढलेल्या. आणि एका वळणावर धाकटी ओरडते, 'बाबा, बघा! आपलं बारनवापाऱ्याचं हरीण!'

खरंच की! अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर फांद्यांची शिंगं. रायपूरपासून शंभरेक किलोमीटरवरच्या बारनवापारा अभयारण्यात दिसतं तेच चितळ. तिथं जीपचा आवाज आला की पळणारं, इथं मात्र हातातल्या पिशवीकडे बघत जवळ येणारं. बाबा बिस्किटाचा पुडा फोडतात. आजी म्हणते, 'घाल गं बाई, मुक्या जनावराला घातलेलं वाया जात नाही.'

आजीच्या मनात दयाच असते. तरीही हा पुडा फुटायला नको होता. का?

इथला घरचा, तिथला घुसखोर

चितळ मूळचं अंदमानचं नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत इंग्रजांनी ते मुख्य भूमीवरून बोटीत घालून तिथं नेलं. बेटावर शिकार मिळावी, पाहायला हरणं असावीत, एवढाच हिशेब. पण बारनवापारात चितळाच्या मागावर बिबट्या असतो. अंदमानात ना वाघ, ना बिबट्या, ना रानकुत्री. तिथल्या मूळच्या भूचर सस्तन प्राण्यांत सगळ्यांत मोठा म्हणजे रानडुक्कर. खाणारं कोणी नाही आणि खायला मुबलक. शिवाय चितळ पोहतं! बघता बघता ते एका बेटावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या बेटावर पसरलं.

यात बिघडलं कुठं? बिघडलं जंगलाच्या पायाशी. मुख्य भूमीवरच्या झाडाझुडपांना हजारो वर्षांपासून हरणांची सवय आहे. कुणी काटे वाढवले, कुणाचा पाला कडू झाला, कुणाला खुडलं तरी पुन्हा फुटायची कला साधली. अंदमानातल्या झाडांना हरीण ठाऊकच नव्हतं. चितळं जमिनीलगतचं कोवळं रोप न् रोप खात सुटली. वर पाहावं तर उंच झाडं दिमाखात उभी आणि खाली पाहावं तर जमीन उघडी. घरात आजी-आजोबा आहेत, पण नातवंडंच नाहीत, अशी गत! ही म्हातारी झाडं पडल्यावर त्यांच्या जागी येणार कोण?

नुकसान झाडांवरच थांबत नाही. ज्या झुडपांत स्थानिक सरडे, पाली राहतात, ती झुडपंच नाहीशी झाली की तेही कमी होतात. अंदमानात झालेल्या अभ्यासांतून हे दिसून आलं आहे. बरं, चितळाला मारता येत नाही, कारण देशाच्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण दिलेलं आहे. बारनवापारात हवाहवासा वाटणारा प्राणी अंदमानात असा गळ्याचा फास झाला आहे. आणि पर्यटक हौसेनं त्याला बिस्किटं घालून माणसाळवत आहेत.

रॉस बेटावर पिसारा फुलवणारा मोरसुद्धा असाच आणलेला. राष्ट्रीय पक्षी खरा, पण या बेटाचा रहिवासी नव्हे.

हत्तीची गोष्ट तर आणखी मोठी. जंगलातले ओंडके ओढायला मुख्य भूमीवरून हत्ती नेले. इंटरव्ह्यू नावाच्या बेटावर लाकडाचा धंदा करणारी एक कंपनी १९६२ च्या सुमारास बंद पडली आणि तिचे हत्ती तिथंच सोडून दिले गेले. ते रानटी झाले, त्यांची पिल्लावळ वाढली आणि बेटावरच्या वेत-केवड्याच्या रानांचा त्यांनी फडशा पाडला. हत्तीचा त्यात काय दोष? तो भुकेला होता. दोष आणून टाकणाऱ्याचा.

पावसाळी बेडूक आणि माशांचं बी

'हे सगळं इंग्रजांनी केलं. आम्ही कुठं हत्ती घेऊन निघालोय?' असं कुणी म्हणेल. पण परकी जीवसृष्टी बेटावर पोहोचायला हत्तीएवढं मोठं असावं लागत नाही.

पहिल्या पावसात रायपूरच्या तळ्याकाठी पिवळेधमक होऊन डराव डराव करणारे ते मोठे बेडूक आठवा. भारतीय बुलफ्रॉग म्हणतात त्यांना. आपल्याकडे ते पावसाची वर्दी देतात. अंदमानात ते नव्हते. २००० नंतरच्या वर्षांत ते तिथं जाऊन पोहोचले. कसे? मत्स्यशेतीसाठी मुख्य भूमीवरून माशांचं बी जात होतं. त्या पिशव्यांत माशांच्या पिल्लांबरोबर बेडकांची शेपटीवाली पिल्लंही गेली असावीत, असं अभ्यासक सांगतात. मुद्दाम कुणी नेले नाहीत, पण गेले. आता ते तिथल्या शेतांत, तळ्यांत मिळेल ते गिळतात. संशोधकांनी प्रयोगासाठी या बुलफ्रॉगची आणि स्थानिक बेडकांची पिल्लं एका पाण्यात ठेवली, तेव्हा स्थानिक पिल्लं उरलीच नाहीत.

आफ्रिकन गोगलगायीचंही तसंच. १८४७ साली एका हौशी इंग्रजानं ही भलीमोठी गोगलगाय मॉरिशसहून कोलकात्याला आणून बागेत सोडली. अंदमानात ती दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात जपान्यांच्या ताब्यात बेटं असताना पोहोचली, असं मानतात. भाजीपाल्याची कोवळी रोपं ती रातोरात फस्त करते. महाराष्ट्रातल्या सोयाबीनच्या शेतकऱ्यांनाही तिनं २०२२ च्या पावसाळ्यात रडवलं.

आणि बी-बियाणं? बुटाच्या तळव्याच्या खाचांत अडकलेली माती पाहा. लुगड्याच्या काठाला चिकटलेला आघाडा, मोज्यात घुसलेली कुसळं पाहा. हे सारे बिनतिकिटाचे प्रवासी! आजीनं पोर्ट ब्लेअरला राहणाऱ्या ओळखीच्या बाईंसाठी हौसेनं नेलेली कुंडीतल्या रोपाची फांदी आणि तिच्या मुळाशी बांधलेला मातीचा गोळा, त्यातही मुंग्या, अळ्या, गोगलगायीची अंडी असू शकतात. माया खरी, पण या मायेबरोबर कोण कोण जातंय हे आजीला कसं दिसणार?

बेटच इतकं नाजूक का?

कारण सोपं आहे. बेट म्हणजे चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेलं घर. हजारो वर्षं बाहेरून कोणी आलेलं नाही. घरातल्या माणसांनी दाराला कडी लावायची सवयच सोडलेली. मॉरिशसच्या डोडो पक्ष्याला शत्रूच नव्हता, म्हणून तो उडणं विसरला. १५९८ साली डच तिथं उतरले. त्यांच्यामागून जहाजांतून उंदीर आले, डुकरं, माकडं आली. जमिनीवरच्या घरट्यातली अंडी त्यांच्या तोंडी पडली आणि सतरावं शतक संपायच्या आत डोडो जगातून नाहीसा झाला. आज मॉरिशसमध्ये मराठी घरांत गणपती बसतात, पण तिथला मूळ रहिवासी डोडो मात्र फक्त चित्रांत आणि शिक्क्यांवर उरला आहे.

पॅसिफिक महासागरातल्या ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याच्या सामानातून एक झाडावर चढणारा तपकिरी साप आला. त्यानं काही दशकांत त्या बेटावरचे बहुतेक रानपक्षी संपवले. जंगल उभं आहे, पण किलबिल नाही.

अंदमानातही असे जीव आहेत, जे जगात दुसरीकडे कुठंच नाहीत. नारकोंडम हे जेमतेम सात चौरस किलोमीटरचं एक बेट. तिथला धनेश पक्षी फक्त त्याच बेटावर राहतो. रायपूर शहराच्या एका कोपऱ्यात मावेल एवढी जागा, तेवढंच त्याचं जग! त्या बेटावर पोलीस चौकीसाठी बकऱ्या नेल्या होत्या. त्या वाढल्या, रोपं खाऊ लागल्या आणि शेवटी त्यांना तिथून हलवावं लागलं. मुख्य भूमीवर एका जंगलातला पक्षी उडाला तर दुसऱ्या जंगलात बसेल. या धनेशानं कुठं जायचं?

दगड नव्हे, झाडही नव्हे

आता पुन्हा शोकेसकडे वळू. प्रवाळाची ती पांढरी फांदी. पुष्कळांना वाटतं, हा समुद्रातला दगड. कुणाला वाटतं, झाड. खरं तर ती हजारो चिमुकल्या प्राण्यांनी मिळून बांधलेली चाळ असते. प्रत्येक प्राणी आपल्याभोवती चुन्याची खोली बांधतो आणि पिढ्यान् पिढ्या चाळ वाढत जाते. काही जातींचं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. म्हणजे नऊ वर्षांच्या धाकटीच्या जन्मापासून आजपर्यंत ते वाढलं असेल तिच्या बोटाएवढं. आणि त्यावर एक पाय पडला की संपलं!

पाणी तापलं की प्रवाळ पांढरं पडतं, मरतं. अंदमानच्या समुद्रात २०१० साली असा मोठा तडाखा बसला होता. त्याआधी २००४ ची त्सुनामी होतीच. म्हणजे रोगी आधीच अशक्त. त्यात स्नॉर्केलिंग करताना दमलो म्हणून प्रवाळावर उभं राहायचं, फोटोसाठी हात लावायचा, आठवण म्हणून तुकडा तोडायचा, हे सोसायचं कुणी?

'आम्ही तोडलं नाही हो, पडलेलं उचललं!' ठीक. पण पडलेल्या प्रवाळाचीच पुढे वाळू होते आणि तीच किनारा घडवते. पडलेल्या शंखाला तर गिऱ्हाईक तयारच असतं. अंदमानच्या किनाऱ्यावर संध्याकाळी नीट पाहा, शंख चालताना दिसतील! आत एक खेकडा असतो. त्याचं पोट मऊ, अंगावर कवच नाही, म्हणून तो दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतो. वाढला की मोठं घर शोधतो. कधी कधी हे खेकडे लहान-मोठ्याच्या क्रमानं रांग लावतात. सगळ्यांत मोठ्यानं नव्या शंखात उडी मारली की त्याचं घर दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला. अगदी सरकारी क्वार्टरसारखं! त्या रांगेच्या पुढचा शंख आपण उचलून शोकेसमध्ये ठेवला, तर सगळी रांगच बेघर. शंख नसेल तिथं हे खेकडे प्लॅस्टिकच्या बाटलीची झाकणं पाठीवर घेऊन फिरताना दिसले आहेत. आपण शंख आणतो आणि झाकण टाकून येतो, असा हा व्यवहार.

कायदा काय म्हणतो, तेही सांगायला हवं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ पासून प्रवाळांचा समावेश आहे. म्हणजे वाघाच्या पंक्तीला! या परिशिष्टातल्या जिवांबाबतच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षांची कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. काही जातींचे शंखही संरक्षित आहेत आणि ते कुठले, हे आपल्याला ओळखता येत नाही. विमानतळावर बॅग उघडून प्रवाळ बाहेर निघालं, की 'आम्हाला माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही.

'सरकारच जंगल तोडतंय, मग आमच्या शंखानं काय?'

हा प्रश्न दादानं विचारला, तर त्याला गप्प बसवू नका. प्रश्न खरा आहे. ग्रेट निकोबार बेटावर बंदर, विमानतळ आणि नगर उभारण्याच्या प्रकल्पाला २०२२ साली पर्यावरण मंजुरी मिळाली. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगलाची जमीन वळवायची आहे. बदल्यात झाडं लावायची ती दूर हरियाणात! आणि बंदराची जागा आहे गलाथियाची खाडी. लेदरबॅक ही जगातली सगळ्यांत मोठी समुद्री कासवं अंडी घालायला जिथं येतात, तीच. देशाला बंदर हवं, असं काहींचं म्हणणं. बेटाला आणि तिथल्या आदिवासींना हे सोसणार नाही, असं इतरांचं म्हणणं.

हा वाद मोठा आहे आणि नागरिक म्हणून प्रत्येकानं तो समजून घ्यावा, मत मांडावं. पण बंदराचा निर्णय दिल्लीत होतो, बॅगेत काय भरायचं याचा निर्णय तात्यापाऱ्यात होतो. पहिला चुकीचा वाटतो, म्हणून दुसरा चुकवायची मुभा मिळत नाही. उलट ज्यानं एक शंख जागच्या जागी ठेवला, त्यालाच अख्ख्या किनाऱ्याबद्दल बोलताना जोर येतो.

जगात काही बेटांनी पाहुण्यांसाठी कडक रीत घातली आहे. गॅलापागोस बेटांवर जाणाऱ्यांचं सामान बियाणं, फळं, मातीसाठी तपासतात. पलाऊ या छोट्याशा देशानं तर २०१७ पासून पाहुण्याच्या पासपोर्टवर शिक्का मारून, बेटाला इजा करणार नाही असं वचन त्यावर सहीनिशी घ्यायला सुरुवात केली. प्रवाळाला अपायकारक सनस्क्रीनलाही तिथं २०२० पासून बंदी आहे. आपल्याकडे वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे जॉली बॉय बेटाकडे निघताना, बोटीत चढण्यापूर्वी प्लॅस्टिकची तपासणी होते. हे उद्यान १९८३ सालचं. पण बाकी ठिकाणी? रायपूरहून निघालेल्या कुटुंबाकडून पासपोर्टवर वचन घ्यायला कोणी बसलेलं नसतं. ते वचन घरच्या घरीच द्यायचं आणि घ्यायचं.

निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर

• बूट-चपला आधी धुवा. ब्रशनं तळवे घासा. मोजे, पँटची दुमड, बॅगेच्या खाचा झटका. कुसळं, बी, माती घरीच राहू द्या.

• रोपं, फांद्या, बियाणं, माती नेऊ नका आणि आणूही नका. ओळखीच्यांसाठी भेट न्यायचीच, तर घरचा चिवडा, अनारसे न्या. खाऊन संपतात, रुजत नाहीत!

• हरणांना, माशांना, माकडांना खाऊ घालू नका. काचेच्या तळाच्या बोटीतून जाताना 'मासे जमवायला पाव टाका ना' असा आग्रह नाविकाला करू नका.

• पाण्यात उतरल्यावर प्रवाळावर पाय नको, हात नको. पोहता येत नसेल तर वाळूच्या तळाशीच थांबा. उन्हासाठी क्रीम फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा कपडा घाला.

• शंख, शिंपला, प्रवाळ जिथं आहे तिथंच ठेवा. मुलांना उचलून पाहू द्या, आत कुणी राहतंय का ते शोधू द्या आणि त्यांच्याच हातानं परत ठेवायला लावा. आठवण हवीच, तर करवंटीच्या वस्तू घ्या. शंखाची वस्तू घ्यायची झाली, तर परवाना असलेल्या दुकानातूनच, आणि बिल जपून ठेवा.

• समुद्री कासवं अंडी घालतात त्या किनाऱ्यावर रात्री टॉर्च, फ्लॅश नको. पिल्लं क्षितिजावरच्या उजेडाकडे बघून समुद्राची वाट शोधतात. आपल्या दिव्यानं ती भलतीकडे जातात. कोकणात वेळासला कासवं पाहायला जाल तेव्हाही हेच, आणि मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ प्रवाळ पाहायला उतराल तेव्हा वरचं सगळं.

• पाण्याची भरून नेता येणारी स्टीलची बाटली. बिस्किटाचा कागद, शाम्पूची पुडी, बॅटरीचे सेल परत घरी. बेटावर कचरा टाकायला जागाच कुठं असते?

• बागेतला पोपट, मासा, कासव पाळून कंटाळा आला म्हणून कुठंही 'मोकळं' सोडू नका, बेटावर तर नाहीच.

घरी परतल्यावर

या सगळ्याचा रायपूरशी काय संबंध, असं वाटत असेल तर घराबाहेर एक चक्कर मारा. मोकळ्या प्लॉटवर माजलेलं गाजरगवत परदेशातून आलं. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा नजरेत भरलं आणि आज देशभर आहे. अंगाला लागलं की खाज सुटते, कुणाला दम लागतो. तळी झाकणारी जलकुंभी तिच्या जांभळ्या फुलांच्या शोभेसाठी आणलेली. रायपूरच्या तलावांतून ती उपसता उपसता माणसं थकतात. नाल्याकाठची बेशरम? तिचं नावच सगळं सांगतं! रानात शिरलेली घाणेरीसुद्धा बागेच्या हौसेपायीच देशात आली. एवढा मोठा मुलूख, तरी या पाहुण्यांनी आपल्याला जेरीस आणलं. मग समुद्रातल्या चिमूटभर बेटाची काय कथा?

म्हणून अंदमानला जरूर जा. सावरकरांच्या कोठडीपुढे नतमस्तक व्हा. मुलांना निळं पाणी दाखवा. जंगलात पादौकची उंच झाडं दाखवा, तो त्या बेटांचा राज्यवृक्ष आहे. रॉस बेटावर चितळ दिसलं की त्याची ही गोष्ट मुलांना सांगा आणि बिस्किटाचा पुडा पिशवीतच ठेवा. चितळ भुकेनं मरत नाही, खात्री बाळगा.

आणि आपल्या कुटुंबातली धाकटी किनाऱ्यावर शंख घेऊन धावत आली, 'आई, हा नेऊया ना गं घरी!' म्हणाली, तर तिला रागावू नका. दोघी मिळून तिथंच वाळूत दहा मिनिटं गप्प बसा. शंख खाली ठेवा. बहुधा तो आपोआप चालू लागेल. मग तिला 'नको' म्हणायची वेळच येणार नाही. शोकेसच्या खालच्या खणात त्याचा फोटो लावा. पुढच्या वेळी पाहुणीनं 'हे कुठलं?' विचारलं, की उत्तर धाकटीच देईल.